वर विस्तव, खाली विस्तव



ज्या सरांच्या स्मरणार्थ या ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर भूगोल शिकवत होते. म्हणून केक, पाव, नानकटाई हा विषय मी सुचवला तेव्हा मला संकोच वाटला नाही. हा विषय भूगोलाचाच आहे. कुठल्या गावात काय भाजलं जातं, हे तिथलं धान्य ठरवतं, तिथलं सरपण ठरवतं, तिथे लागलेली गलबतं ठरवतात. आणि तिथल्या माणसांनी एकमेकांना आपल्या घरात कुठवर येऊ दिलं, तेही ठरवतं.

सुरुवात आपल्याच चुलीपासून करते. केक म्हटला की तो साहेबाने आणला, असं आपण धरून चालतो. मैद्याचा, अंड्याचा, साच्यातला केक बाहेरून आला हे खरंच आहे. पण पिठाला खालून आणि वरून आच देऊन भाजायची रीत आपल्याकडे त्याआधीपासून होती. विदर्भातले रोडगे घ्या. कणकेचे थर एकात एक घालून त्यांचा गोळा करतात आणि तो पेटलेल्या गोवऱ्यांच्या आरात पुरतात. खानदेशात बट्टी आहे. आणि आपल्या दक्षिण कोकणात आहे धोंडस. कुणी त्याला तवसं म्हणतं, गोव्याच्या बाजूला तवसळी म्हणतात.

धोंडसाला कोवळी काकडी चालत नाही. भाद्रपदात वेलावर धरलेलं, पिवळं पडलेलं, जाड सालीचं मोठं तवसं लागतं. जुन्या घरांतून अशी तवशी वाशांना टांगून ठेवत, ती पुढे कितीतरी दिवस टिकत. तवसं सोलून, बिया काढून किसायचं. सुटलेलं पाणी फेकायचं नाही, सगळी गंमत त्या पाण्यात आहे. तांदळाचा रवा तुपावर तांबूस भाजायचा आणि तो त्या पाण्यातच शिजवायचा, वरून साधं पाणी घालायचं नाही. मग गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. जाड बुडाच्या टोपात तळाला हळदीचं किंवा केळीचं पान, त्यावर हे मिश्रण. टोपावर पत्र्याचं सपाट झाकण आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. खालचा जाळ मात्र जवळजवळ काढूनच घ्यायचा. वेंगुर्ल्याकडच्या एका आजींनी मला हे शिकवलं. त्या म्हणाल्या होत्या, "बाये, वयलो इस्तो कमी पडलो तर मदी कच्चा रवता, आणि खालचो जास्त झालो तर बूड करपता." ओव्हनवर लिहिलेली जाडजूड पुस्तकं मी पुढे वाचली. वरच्या-खालच्या आचेबद्दल त्यांत जे पानभर लिहिलेलं असतं, ते या एका वाक्यात सगळं आलेलं आहे.

झाकणावरचे हे निखारे पुढच्या सगळ्या बोलण्यात लक्षात असू द्या. कारण आता मी तुम्हाला तेरेखोल ओलांडून पलीकडे नेणार आहे, आणि तिथेही तेच निखारे आहेत.

गोव्याची बेबिंका आज देशभर माहीत आहे. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अंड्याचे बलक, नारळाचं दाट दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि तूप, एवढंच तिचं साहित्य. सगळं कसब थरांचं. सात थर ही रीत, सोळा थरांपर्यंत करणारेही आहेत. भांड्यात तूप घालून पहिला थर ओततात, तो जरा जाड ठेवतात. तो भाजला की त्यावर चमचाभर तूप आणि दुसरा पळीभर थर. तो वरून तांबूस होईपर्यंत थांबायचं, मग तिसरा. पहिल्या थरानंतर आच खालून द्यायची नाही, फक्त वरून. नाहीतर तळाचा थर पुन्हा पुन्हा भाजून करपून जातो. म्हणजे पुन्हा झाकण आलं आणि झाकणावर सोडणांचे निखारे आले. प्रत्येक थराला झाकण उचलायचं, राख सांडू द्यायची नाही, रंग बघायचा, ओतायचं, झाकायचं. निखारे विझत आले की नवे घालायचे. दुपारी बसलेली बाई दिवेलागणीला उठते. बेबिंका पूर्ण निवल्यावरच उलटी करतात, आणि कापली की फिक्या थराला तांबूस काठ असे पट्टे दिसतात. ते दिसले नाहीत तर घाई झाली हे घरातलं पोरसुद्धा ओळखतं.

बेबिंकेच्या जन्माची एक कथा सांगतात. जुन्या गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ आहे, १६२७ मध्ये तो बांधून झाला. तिथे कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, बलक उरत, आणि बेबियाना नावाच्या जोगिणीने त्या बलकांतून हा पदार्थ केला, असं म्हणतात. सात थर का, तर लिस्बन सात टेकड्यांवर वसलं आहे म्हणून. कथा म्हणून ती छान आहे. पण हीच खळीची आणि उरलेल्या बलकांची गोष्ट पोर्तुगालमध्ये मठामठांतून ऐकायला मिळते. लिस्बनजवळ बेलें इथल्या जेरोनिमुश मठातल्या मिठायांबद्दलही तेच सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले आणि १८३७ पासून मठाशेजारच्या दुकानात बेलेंच्या त्या प्रसिद्ध कस्टर्डच्या वाट्या विकायला सुरुवात झाली. आजही त्या दुकानासमोर रांगा लागतात आणि कृती गुपित ठेवलेली आहे.

मला बेबिंकेच्या कथेत एक उणीव जाणवते. तिच्यात जोगीण आहे, मठ आहे, लिस्बनच्या टेकड्या आहेत. पण नारळ कुणी फोडला, कुणी खवला, दूध कुणी काढलं, सोडणं कुणी वाळवली, याचा तिच्यात पत्ता नाही. नारळाचं दूध लिस्बनहून आलेलं नाही, आणि झाकणावर निखारे ठेवायची रीत या किनाऱ्यावर धोंडस करणाऱ्या बायकांना ठाऊकच होती. बेबिंका दोन्ही बाजूंनी घडली असं मी मानते. तिचा अभिमान बाळगायचा तर त्यात गोव्याच्या स्वयंपाकघरात राबलेल्या, नाव न उरलेल्या बायकांचा वाटा आधी धरला पाहिजे.

नाताळात गोव्यातली ख्रिस्ती घरं बेबिंका, दोदोल, बोलिन्हां, रवा-खोबऱ्याचा बाथ, नेवऱ्या, कुलकुल अशी ताटं भरून हिंदू शेजाऱ्यांकडे पाठवतात. चतुर्थीला शेजारच्या घरातून नेवऱ्या उलट येतात. वसईच्या ख्रिस्ती घरांतूनही रवा, खोबरं आणि अंड्यांचा असाच केक थाळीत भाजतात. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, थाळीतला केक राहिला. तो करणारी माणसं इथलीच होती, ती कुठे जाणार?

आता पावाकडे वळते. पाव आज इतका आपला झाला आहे की त्याने काय सोसलं याचा विसर पडतो. गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी पाव करायला शिकवलं असं सांगतात, आणि माजोर्ड्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, त्या कामात नावाजलेले. यीस्ट मिळत नसे तेव्हा माडाची सूर घालून पीठ आंबवायचे. सुरेने आंबवलेल्या पावाला एक मंद आंबूस गोडी असते, ती यीस्टला येत नाही. कोंड्याची पोळी, कडक उंडो, बांगडीसारखी काकणां, कात्रीने छाटलेला कात्रे पाव, हे सगळे प्रकार एकाच भट्टीतून निघतात. फक्त आच बदलते. कडक माल कधी घालायचा, मऊ कधी, हे पोदेराला हात भट्टीच्या तोंडाशी नेला की कळतं.

आणि हाच पाव इकडे महाराष्ट्रात बाटण्याची खूण होता. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली, तेव्हा जातिभेद मोडल्याची परीक्षा म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्त होती, कारण पाव खाल्ल्याचं बाहेर कळलं तर घरदार तुटत असे. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहापानाला गेल्याबद्दल रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालं, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा खटला चालला, आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं चालला. एवढ्या मोठ्या माणसांना चहा-बिस्किटांपायी शंकराचार्यांपर्यंतची चौकशी भोगावी लागली. आज त्याच पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर बिस्किटांसाठी माणसं रांगेत उभी असतात, आणि मुंबईत वडापावावर गावाची ओळख सांगितली जाते. मला या बदलाचा मनापासून आनंद वाटतो. पण विटाळ मानला त्या काळात ज्यांनी भट्ट्या चालू ठेवल्या, त्या गोवेकर, इराणी आणि मुसलमान बेकरीवाल्यांचं आपल्यावर ऋण आहे, आणि ते आपण कधी नीट मोजलेलं नाही.

पुण्याच्या बिस्किटाचं थोडं सांगते. श्रूजबेरी हे इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं गाव. तिथे या नावाची खुसखुशीत बिस्किटं निदान सतराव्या शतकापासून होतात. पुण्यात १९५५ साली इराणी कुटुंबातल्या भावांनी कयानी बेकरी काढली आणि भरपूर लोणी घातलेलं त्यांचं श्रूजबेरी पुण्याचं झालं. मुंबईचा पाहुणा पुण्याहून निघताना त्याचा डबा नेतो, परदेशात शिकणारी मुलं बॅगेत भरून नेतात. इराणातून आलेल्या माणसांनी इंग्रजी गावाच्या नावाचं बिस्किट करावं आणि ते पुणेकरांच्या अभिमानाचं व्हावं, याला मी भेसळ म्हणत नाही. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो रोज पहाटे कोण करतं, यावर गावाचा हक्क ठरतो. हेच मला आज मुख्यतः सांगायचं आहे.

दिवाळीच्या भट्टीचं उदाहरण तर तुम्हा बहुतेकांच्या घरातलं आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीआधी बायका रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप पिशवीत घालून बेकरीत जातात. तिथे मळून घ्यायचं, वळायचं, पत्र्यांवर मांडायचं, चिठ्ठीवर नाव लिहून पत्र्याला लावायचं, भाजणावळ द्यायची. पावाचे घाणे निघाले की भट्टी उतरत्या आचेवर येते. नानकटाईला तीच लागते, चढती आच तिला चालत नाही, ती पसरते आणि करपते. मग रात्री उशिरापर्यंत बाकावर बसून आपल्या पत्र्याची वाट बघायची. बेकरीवाला बहुधा मुसलमान, गिऱ्हाइकं बहुतेक हिंदू, आणि बोलणं सगळं आच, तूप आणि पोरांच्या परीक्षा यांचं. "भाभी, तुमचं तूप जरा जास्त झालंय, मैदा थोडा टाका," असं तो सांगतो आणि ती निमूट टाकते, कारण दरवर्षी त्याचंच बरोबर निघतं. घरी डबा उघडल्यावर "आमच्या भट्टीची नानकटाई" असं म्हणतात. आमच्या गावची म्हणत नाहीत, आमच्या भट्टीची म्हणतात. मला हा अभिमान सगळ्यांत खरा वाटतो, कारण भाजणाऱ्याचा चेहरा त्यात माहीत असतो.

आता मानांकनाबद्दल. भौगोलिक मानांकनाचा कायदा आपल्याकडे १९९९ चा, अंमल २००३ पासून. हापूसला, कोकमाला, वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, नाव नोंदवलं जातं. दुसरी, प्रत्यक्ष करणाऱ्यांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नोंद करायची असते. पहिल्या पायरीला सत्कार होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही. घरी बेबिंका करून विकणाऱ्या बाईला फॉर्म कोण भरून देणार? ती मागे राहिली तर नाव तिच्या कष्टाचं आणि फायदा यंत्रावर थर पाडणाऱ्याचा, असं होईल.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने हे कसं सांभाळलं ते बघण्यासारखं आहे. तिथला नाताळचा श्टोलेन हा सुक्या मेव्याचा, लोण्याचा जड पाव-केक. त्याचं नाव कायद्याने राखलेलं आहे, ड्रेस्डेन आणि आसपासच्या बेकऱ्यांनाच ते वापरता येतं. बेकऱ्यांची संघटना दरवर्षी प्रत्येकाचा श्टोलेन तपासते आणि पास झालेल्यावर सोनेरी शिक्का लावते. त्या शिक्क्यावर क्रमांक असतो, आणि क्रमांकावरून तो कुठल्या बेकरीने भाजला हे कळतं. मला ही एवढी छोटी गोष्ट फार मोलाची वाटते. शहराचं नाव मोठ्या अक्षरांत आहेच, पण त्याखाली करणाऱ्याची ओळखही आहे. त्यांच्या अभिमानाला इतिहासही दांडगा आहे. आगमनपर्वाच्या उपासात लोणी वर्ज्य होतं, तेव्हा तेलात केलेला तो पाव बेचव लागे. शेवटी १४९१ मध्ये पोपकडून लोणी वापरायची परवानगी आली. लोण्याची परवानगी मागायला रोमपर्यंत जाणारे लोक शिक्क्यावरचा क्रमांक विसरणार नाहीत, हे उघड आहे.

सरपणाचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. लाकडाच्या भट्टीचा पाव चवीला वेगळा असतो, वरची साल जरा जाड, आत ओलसर. ती चव जाईल म्हणून हळहळणारे लेख मी वाचले. हळहळ मलाही वाटते. पण धूर आधी भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो, आणि तो कामगार बहुधा उत्तरेतून किंवा कर्नाटकातून आलेला, भट्टीच्याच माळ्यावर झोपणारा असतो. त्याच्या फुप्फुसांच्या बदल्यात मला चव नको. माझी तक्रार दुसरी आहे. भट्टी बदलायला लाखो रुपये लागतात, छोट्या बेकरीवाल्याकडे ते नसतात, आणि तो बंद पडला तर जागा लगेच विकली जाते. वडापाव आमची ओळख म्हणून सांगणाऱ्या शहराने पाववाल्याला कर्ज आणि मुदत मिळवून देण्यासाठी आवाज काढायला हवा होता. तो फारसा कुणी काढला नाही.

गोव्यातही तेच चित्र आहे. अनेक जुन्या पोदेरांची मुलं दुसऱ्या कामांना लागली आणि भट्ट्या बाहेरून आलेल्या कामगारांकडे चालवायला गेल्या. सूर काढणारे रेंदेर कमी झाले, त्यामुळे सुरेचा पाव जवळजवळ नाहीसा झाला. "आता पाव गोव्याचा राहिला नाही," असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पहाटे तीनला उठून जो पोळी भाजतो आणि सायकलचा भोंगा वाजवत दारोदार जातो, तो गोव्याचाच पोदेर. तो बेळगावहून आला की बिहारहून, याने पोळीचा कोंडा बदलत नाही. सूर परत आणायची असेल तर माडावर चढणाऱ्याला परवडेल असा मोबदला द्यावा लागेल. पाहुण्यांपुढे पोळीची तारीफ करून ती परत येणार नाही.

आपल्याच जिल्ह्यात काय करता येईल ते सांगून थांबते. धोंडसाला मानांकन मिळावं अशी मागणी मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही, आणि आज मीही ती करणार नाही. त्याआधीचं काम बाकी आहे. धोंडस करणाऱ्या बायका आता वयस्क आहेत. त्यांच्या कृती "अंदाजाने" या एका शब्दावर उभ्या आहेत, आणि तो अंदाज त्यांच्या हाताबरोबर जाईल. या ग्रंथालयाने एक वही ठेवावी अशी माझी विनंती आहे. येत्या भाद्रपदात प्रत्येक वाडीतल्या दोन-तीन घरी जाऊन तिथल्या तरुण मुलामुलींनी ती भरावी. तवसं किती किलोचं, रवा जाड की बारीक, गूळ किती, टोप किती इंचांचा, झाकणावर निखारे किती वेळा बदलले, पान हळदीचं की केळीचं. आणि प्रत्येक नोंदीच्या वर, सगळ्यात आधी, करणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, तिच्या वाडीचं नाव आणि ती हे कुणाकडून शिकली त्या बाईचं नाव. सरपण कुठून आणलं तेही लिहावं, कारण ते आणणारा बहुधा घरातला नसतो. ज्यांना ही नोंद करायची असेल त्यांनी व्याख्यानानंतर माझ्याकडे नाव द्यावं. पहिल्या घरी मी तुमच्याबरोबर येईन. वेंगुर्ल्याच्या त्या आजींनी यंदाही तवशी टांगून ठेवली आहेत.